इंग्लंडमधील झपाटलेली मॅनर हाऊस : भुतांच्या कथा आणि घरांची दप्तरे

मोडीवाचक (धागाकर्ता)

इंग्लंडमधील जुन्या जमीनदारी घरांविषयी, ज्यांना तिथे मॅनर हाऊस किंवा हॉल म्हणतात, मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा भुतापाशी सुरू होते आणि भुतापाशीच संपते. जिन्यावरची बाई, शीर नसलेला घोडेस्वार आणि मध्यरात्री ऐकू येणारी पावले एवढे सांगून झाले की लेख आटोपतो. ते भूत कोणाचे, ते त्याच घरात का राहिले आणि घराच्या कागदपत्रांत त्या माणसाविषयी काय नोंदले आहे, हे प्रश्न मला अधिक मोलाचे वाटतात, म्हणून हा धागा काढत आहे. अनेक घरांच्या कथा आणि कागद शेजारी ठेवून वाचल्यावर माझे एक मत बनले आहे. घरात काहीतरी अघटित घडले होते हे कथा पक्के लक्षात ठेवते. ते कोणाच्या बाबतीत घडले, हे मात्र ती पुष्कळदा चुकीचे सांगते.

मँचेस्टरजवळच्या वर्डली हॉलचे उदाहरण घ्या. या घरात जिन्याच्या वरच्या बाजूला भिंतीतील कोनाड्यात एक मानवी कवटी ठेवलेली आहे, आणि ती घराबाहेर काढली तर वादळे उठतात, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लोककथेप्रमाणे ती रॉजर डाउन्स या उधळ्या तरुण जमीनदाराची. लंडनमध्ये मारामारीत त्याचे शीर उडाले आणि ते पेटीत घालून घरी पाठवण्यात आले. पुढे डाउन्सची शवपेटी उघडण्यात आली, तेव्हा त्याचे डोके धडाजवळच आढळले. मग कवटी कोणाची? आज ती अँब्रोस बार्लो या कॅथलिक धर्मगुरूची मानली जाते. बार्लो लँकेशरमधील घराघरांतून त्या काळी बंदी असलेली कॅथलिक उपासना गुप्तपणे चालवत असे. १६४१ च्या ईस्टरच्या दिवशी तो पकडला गेला आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला लँकेस्टर येथे त्याला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. त्याच्या अनुयायांनी शीर मिळवून वर्डलीत लपवले. त्याचे नाव उच्चारणे धोक्याचे होते, म्हणून ते मागे पडले आणि त्या जागी एका बदफैली तरुणाची गोष्ट येऊन बसली. १९७० मध्ये रोमने बार्लोला संतपद दिले, आणि गेली अनेक वर्षे वर्डली हॉल हेच सॅलफर्डच्या कॅथलिक बिशपचे निवासस्थान आहे.

या कथांची मुळे सोळाव्या शतकात आहेत, असे मला वाटते. १५३४ मध्ये राजा आठवा हेन्री रोमच्या पोपशी संबंध तोडून इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला आणि १५३६ ते १५४० या काळात देशातील मठ बंद करून त्यांच्या जमिनी राजदरबाऱ्यांना आणि धनिकांना विकण्यात आल्या. न्यूस्टेड, लॅकॉक अशी कित्येक घरे मुळात मठच होती, म्हणून तिथली भुते साधूंच्या आणि जोगिणींच्या वेषात दिसतात. त्याहून खोल जखम १५४७ च्या कायद्याने केली. त्याआधी सधन कुटुंबे मृतांच्या आत्म्यांसाठी कायमची प्रार्थना चालावी म्हणून जमिनी लावून देत आणि पगारी धर्मगुरू नेमत. ती सारी देणगीस्थाने या कायद्याने सरकारजमा झाली, आणि पुढे आत्म्याच्या शुद्धीसाठी असलेला मधला लोकही नव्या चर्चच्या नियमावलीने नाकारला. आपल्याकडे एका पिढीत श्राद्ध, पिंडदान आणि त्यासाठी दिलेली इनामे कायद्याने बंद झाली असती, तर घरोघरी जी अस्वस्थता पसरली असती तिची कल्पना करून पाहावी. मेलेल्यासाठी काही करण्याची वाटच उरली नाही. नवे धर्मोपदेशक सांगत की आत्मा परत येऊच शकत नाही, दिसते ती सैतानाची फसवणूक असते. लोकांना मात्र भुते दिसतच राहिली. फरक एवढाच पडला की पूर्वीचे भूत प्रार्थना मागायला येई आणि नंतरचे भूत दडवलेला खून, बुडवलेला वारसा किंवा नीट न पुरलेली हाडे यांविषयी बोलू लागले.

कोणत्याही घराविषयी कोणाला माहिती असल्यास जरूर लिहावी. भूत असते की नसते, हा वाद इथे नको अशी विनंती आहे.

निशिगंध

धागा आवडला. नॉरफोकमधील रेनम हॉलच्या जिन्यावरील ‘ब्राउन लेडी’चे छायाचित्र लहानपणी एका दिवाळी अंकात पाहिले होते आणि त्यानंतर बरेच दिवस जिना चढताना मागे वळून पाहण्याचे धाडस होत नसे. त्या बाईचा खरा इतिहास काय आहे? त्यातही कथा चुकली आहे का?

मोडीवाचक

ती बाई म्हणजे डॉरोथी वॉलपोल. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान मानला जाणारा रॉबर्ट वॉलपोल हा तिचा भाऊ. १७१३ मध्ये तिचे लग्न चार्ल्स टाउनशेंडशी झाले. ती त्याची दुसरी पत्नी. हा टाउनशेंड परराष्ट्र कारभार पाहणारा मोठा मंत्री होता. १७३० मध्ये मेहुण्याशी न पटल्याने त्याने राजकारण सोडले आणि रेनमच्या शेतात सलगम, क्लोव्हर, गहू आणि बार्ली यांच्या फेरपालटाचा असा हिरिरीने पुरस्कार केला की ‘टर्निप टाउनशेंड’ हेच त्याचे नाव पडले. कथा अशी की डॉरोथीचे पूर्वी लॉर्ड व्हार्टनशी संबंध होते, ते कळल्यावर नवऱ्याने तिला खोलीत कोंडले, मुलांना भेटू दिले नाही आणि ती तिथेच मेली. नोंद सांगते की २९ मार्च १७२६ रोजी तिचा मृत्यू देवीच्या रोगाने झाला.

इथे कथा व्यक्ती चुकलेली नाही, पण तिला हवा तसा शेवट तिने जोडला आहे, आणि तो का जोडला हे समजण्यासारखे आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची मालमत्ता, तिचे राहणे आणि तिची मुले या सर्वांवर कायद्याने नवऱ्याचा ताबा असे. त्याने तिला खरोखर कोंडले असते, तरी तिची बाजू घेऊन उभे राहणारे कोणी मिळणे अवघड होते. कोंडलेल्या बाईची कथा इंग्लंडमधील इतक्या घरांत सापडते, यामागे ही वस्तुस्थिती आहे असे मला वाटते.

भूत पाहिल्याच्या साक्षींचा काळही लक्षात घेण्यासारखा आहे. १८३५ च्या नाताळात कर्नल लॉफ्टस या पाहुण्याने तपकिरी ब्रोकेड नेसलेली, डोळ्यांच्या जागी खाचा असलेली बाई पाहिल्याचे सांगितले. त्यानंतर आरमारी अधिकारी आणि कादंबरीकार कॅप्टन मॅरियट याने तिच्यावर पिस्तूल झाडल्याची हकीकत त्याच्या मुलीने १८९१ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर, लिहून ठेवली. छायाचित्र १९ सप्टेंबर १९३६ चे आहे. ‘कंट्री लाइफ’ या साप्ताहिकासाठी घराची छायाचित्रे घेताना प्रोव्हँड आणि इंद्र शिरा या दोन छायाचित्रकारांपैकी शिराला जिन्यावर धूसर आकृती दिसली, असे त्याचे म्हणणे होते. साप्ताहिकाने ते २६ डिसेंबरच्या अंकात, म्हणजे नाताळातच, छापले. एकाच काचेवर दोनदा प्रकाश पडला असावा किंवा भिंगावर काही लागले असावे, अशी स्पष्टीकरणे त्यानंतर अनेकांनी दिली आहेत. नाताळच्या लांब रात्री शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगण्याची रीत इंग्लंडमध्ये जुनी आहे, आणि रेनमची कथा त्या रीतीच्या आधारानेच वाढली.

दक्षिणवारा

कवट्यांचा विषय निघाला आहे म्हणून डॉर्सेटमधील बेटिसकोम मॅनरविषयी लिहितो, कारण या घराच्या बाबतीत मला कथेपेक्षा इतिहास अधिक अस्वस्थ करतो. तिथल्या कवटीची कथा अशी की पिनी घराण्यातील एका मालकाने वेस्ट इंडीजमधून एक काळा गुलाम आणला. आपल्याला मायदेशीच पुरावे, असे त्याने मरताना बजावले; तरी त्याला गावच्या चर्चच्या आवारात पुरले. मग किंकाळ्या सुरू झाल्या, दारे आपटू लागली, शेवटी मृतदेह उकरून घरात आणावा लागला आणि काळाच्या ओघात त्यातील कवटी तेवढी उरली. ती घराबाहेर नेणारा वर्षाच्या आत मरतो, असे गावात सांगत असत.

१९६३ मध्ये शरीरशास्त्राच्या तज्ज्ञाने ती तपासली, तेव्हा ती एका तरुण युरोपीय स्त्रीची आणि प्रागैतिहासिक काळातील निघाली. घराच्या मागेच पिल्सडन पेन या टेकडीवर लोहयुगातील तटबंदीची वस्ती आहे. कवटी त्या परिसरात सापडून घरात आली असावी. कथेतील माणूस असा साफ पुसला गेला.

तरीही कथा निराधार नाही. बेटिसकोमचा अझाराया पिनी १६८५ मध्ये मॉनमथच्या ड्यूकने राजाविरुद्ध केलेल्या बंडात सामील झाला होता. पकडल्यावर त्याला फाशी ठोठावण्यात आली, मग ती बदलून वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर हद्दपारी झाली. काळ्या पाण्यावर गेलेल्या या माणसाने तिथे व्यापारात जम बसवला आणि त्याच्या वंशजांनी गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे चालवून अमाप संपत्ती मिळवली. घराण्यातील जॉन पिनी १७८३ मध्ये इंग्लंडला परतला, तेव्हा त्याने पेरो नावाच्या गुलामाला सोबत आणले. पेरोला १७६५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, विकत घेतलेले होते. तो १७९८ मध्ये मेला. ब्रिस्टलमधील पिनीचे घर आज संग्रहालय आहे आणि १९९९ मध्ये तिथल्या बंदरावरील एका पादचारी पुलाला पेरोचे नाव देण्यात आले. कवटी चुकीची असली तरी, आपल्या घराचा पैसा कोणाच्या हाडांवर उभा आहे हे डॉर्सेटच्या त्या गावाला ठाऊक होते, एवढे या कथेवरून मला दिसते. धागाकर्त्यांच्या मताला याहून मोठा पुरावा मला सुचत नाही.

यॉर्कशरमधील बर्टन ॲग्नेस हॉलची कवटी मात्र अगदी वेगळ्या स्वभावाची आहे. घर बांधले जात असताना त्यावर जीव जडलेल्या ॲन ग्रिफिथला दरोडेखोरांनी मारले आणि ‘माझे शीर या घरातच ठेवा’ अशी तिची अखेरची इच्छा होती, अशी ती कथा. ती कवटी भिंतीत चिणून टाकली आहे असे सांगतात. ग्रिफिथ घराण्यातील तीन बहिणींचे १६२० मधील चित्र घरात आजही लावलेले आहे.

सह्यकडा

वाद नको हे मान्य आहे, परंतु कागद आणि कथा शेजारी ठेवायच्या तर कागदही तपासून घ्यावे लागतील. विल्टशरच्या लिटलकोट हाऊसची कथा पाहा. विल्यम डॅरेल या जमीनदाराने रात्री एका सुईणीला डोळे बांधून आणले, मूल जन्मताच ते आगीत टाकले, आणि सुईणीने पडद्याचा तुकडा कापून नेल्यामुळे घर ओळखता आले, असे सांगतात. ग्रेट शेफर्डच्या मदर बार्न्स या सुईणीचा जबाब प्रत्यक्षात उपलब्ध आहे. त्यात आगीत टाकलेले मूल आहे, पण डॅरेलचे नाव नाही. १५८९ मध्ये डॅरेल घोड्यावरून पडून मेला आणि घर जॉन पॉपम या कायदेपंडिताकडे गेले, जो पुढे सरन्यायाधीश झाला. घर हे खटला दाबल्याची लाच होती, असे लोक म्हणू लागले. डॅरेलचे शेजाऱ्यांशी जमिनीवरून अखंड खटले चालू असत. अशा माणसाच्या नावावर वाटेल तो गुन्हा खपतो. त्यामुळे कथेला अपराध अचूक आठवतो, या मताविषयी मी थोडा सावध राहीन.

मोडीवाचक

आपला आक्षेप योग्य आहे. लिटलकोटच्या बाबतीत मला एवढेच सांगायचे आहे की लाँगलीट या दुसऱ्या एका मोठ्या घरातील जुन्या कागदांत १५७८-७९ च्या सुमाराचे एक पत्र सापडले असून, डॅरेलच्या घरातील एका स्त्रीशी झालेले वर्तन आणि तिच्या मुलांचे काय झाले याची चौकशी करावी, अशी मागणी त्यात आहे. त्यावरून खून सिद्ध होत नाही. संशय मात्र त्याच्या हयातीतच होता. पुढच्या पिढ्यांनी तो मागाहून रचलेला नाही.

रानजाई

भुताच्या प्रसंगाची नोंद नेमकी कशी ठेवावी याचा एक नमुना सांगते. मराठी वाचकाला तो जवळचा वाटेल, कारण त्या घराचा मालक आपल्या भागात वावरलेला होता.

एडवर्ड मूर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी. १७९०-९२ च्या म्हैसूर युद्धात कॅप्टन लिटलच्या तुकडीबरोबर तो परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजेच्या सोबत होता, आणि त्या मोहिमेवर त्याने १७९४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. चिंचवडच्या देव घराण्याविषयी, म्हणजे मोरया गोसावींच्या वंशात गणपतीचा अंश पिढ्यान्‌पिढ्या उतरतो या श्रद्धेविषयी, त्याने स्वतः तिथे जाऊन लिहिले. १८१० मध्ये हिंदू देवतांवरचा त्याचा मोठा सचित्र ग्रंथ निघाला. त्याने जमवलेल्या देवतांच्या धातुमूर्ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. निवृत्तीनंतर तो सफोकमधील ग्रेट बीलिंग्ज गावी बीलिंग्ज हाऊसमध्ये राहत असे.

२ फेब्रुवारी १८३४ या रविवारी तो चर्चमधून परतला तेव्हा नोकरांनी सांगितले की जेवणघराची घंटा कोणी न ओढता वाजली. त्या काळच्या मोठ्या घरांत प्रत्येक खोलीतील दोरी किंवा मूठ ओढली की भिंतींतून आणि छतामागून नेलेली तार ताणली जाई, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या तरफा वळत आणि स्वयंपाकघराजवळ ओळीने टांगलेल्या घंटांपैकी त्या खोलीची घंटा हले. घंटा लवचीक पट्टीवर असल्याने ती थांबल्यावरही थोडा वेळ झुलत राही आणि कोणत्या खोलीतून बोलावणे आले ते नोकराला कळे. बीलिंग्जमध्ये अशा नऊ घंटा होत्या. त्यांपैकी पाच एकदम, इतक्या जोरात वाजू लागल्या की त्या छताला आपटतील असे वाटावे. सर्व नोकर डोळ्यांसमोर उभे असतानाही त्या वाजल्या. मूरने तारा पाहिल्या, हाताने ओढून पाहिल्या आणि तसा वेग हाताने येत नाही असे नोंदवले. उंदीर, तारांवरील उष्णतेचा परिणाम, नोकरांची खोडी या सर्व शक्यता त्याने विचारात घेतल्या. २७ मार्चला हा प्रकार बंद झाला. त्याने वृत्तपत्रात पत्र लिहिले, त्यावर इंग्लंडभरातून तशाच अनुभवांची पत्रे आली, आणि ती सर्व एकत्र करून त्याने १८४१ मध्ये चर्चच्या बांधकामाच्या मदतीसाठी एक छोटे पुस्तक छापले.

मला मूरचा आदर वाटतो तो त्याच्या संयमामुळे. हा माणूस रॉयल सोसायटीचा सदस्य होता, परक्या धर्मातील श्रद्धा त्याने स्वतः चौकशी करून लिहिल्या होत्या, आणि स्वतःच्या घरात न उलगडणारे काही घडले तेव्हा त्याने तीच पद्धत वापरली. तारीख, वेळ, कोण कुठे उभे होते आणि कोणती घंटा किती वेळा वाजली, हे सारे त्याने लिहिले. हे माणसाचे काम नाही असे त्याचे ठाम मत होते, पण त्याने कोणा मृताचे नाव त्याला चिकटवले नाही. म्हणूनच बीलिंग्जला भूत नाही, फक्त घंटा आहेत, आणि लोकप्रिय याद्यांत हे घर क्वचितच दिसते.

निशिगंध

चिंचवडच्या देवांविषयी लिहिणारा आणि या घंटांचा मालक एकच, हे वाचून मी थक्क झाले. घंटांच्या तारांविषयीही कधी विचार केला नव्हता. नोकरांना दिवसभर अदृश्य हातांनी बोलावणाऱ्या त्या घंटा त्यांना भूत नसतानाही पछाडत असतील.

दक्षिणवारा

मराठी दुवा निघालाच आहे तर नॉरफोकच्याच ब्लिकलिंग हॉलचे नाव घ्यावे लागेल. तिथे दरवर्षी १९ मेच्या रात्री आठव्या हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन स्वतःचे शीर मांडीवर घेऊन बग्गीतून येते, अशी प्रसिद्ध कथा आहे. तिचा शिरच्छेद १९ मे १५३६ चा. आज उभे असलेले घर मात्र सर हेन्री होबार्टने १६१६ नंतर बांधायला घेतले. ॲनचे बालपण गेले असेल तर ते त्याआधीच्या, आता नाहीशा झालेल्या घरात गेले असेल. म्हणजे ती ज्या दारात येते ते दार तिने पाहिलेलेच नाही.

या घराचा शेवटचा खासगी मालक लॉर्ड लोथियन. १९३२ मध्ये भारतातील मताधिकाराचा विचार करणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते आणि मतभेद नोंदवून त्यांनी स्वतंत्र टिपण जोडले होते. वारसाकराच्या ओझ्याखाली इंग्लंडमधील मोठी घरे विकली आणि पाडली जात असताना, ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने सांभाळावीत असा आग्रह याच लोथियनने १९३४ मध्ये धरला. १९३७ मध्ये तसा कायदा झाला आणि १९४० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ब्लिकलिंग ट्रस्टकडे आले. घरे तिकीट लावून लोकांना खुली झाल्यावर भुतांच्या कथांना पूर्वी कधी नव्हते एवढे श्रोते मिळाले, आणि अनेक कथांना आज जी ठराविक तारीख आणि ठराविक खोली दिसते, ती या काळात घट्ट झाली असावी असा माझा अंदाज आहे.

सह्यकडा

ही घरे पाहायची झाल्यास कोणती आधी पाहावीत?

मोडीवाचक

कथा आणि इतिहास दोन्ही एकाच भेटीत पाहायचे असतील तर ब्लिकलिंग आणि बर्टन ॲग्नेस ही दोन्ही घरे हंगामात प्रेक्षकांसाठी खुली असतात. वर्डली हे बिशपचे राहते घर असल्याने तिथे सहज जाता येत नाही. छळाच्या काळात कॅथलिक धर्मगुरू कसे लपत, हे पाहायचे असल्यास वुस्टरशरमधील हार्विंग्टन हॉल अवश्य पाहावा. जिन्याची पायरी उचलली की खाली माणूस मावेल एवढी पोकळी, अशा जागा तिथे प्रत्यक्ष दाखवतात. अशा लपणजागा बांधणारा निकोलस ओवेन हा सुतार १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळामुळे मेला, आणि त्याने एकाही घराचे नाव सांगितले नाही. ब्रिस्टलला जाणाऱ्यांनी पिनीच्या घरातील स्वयंपाकघरापासून पेरोच्या पुलापर्यंत पायी जावे. अंतर थोडेच आहे.